सांगायला एक नॅनोसेकंद, उडी मात्र २७९ची

या महिन्याच्या टपालात गंमत झाली, निम्मे प्रश्न एकाच गोष्टीवरचे निघाले. कॉम्प्युटरचं घड्याळ आपण किती बारीक मोजतो म्हणून सांगतं आणि प्रत्यक्षात किती बारीक मोजतं याचा मेळ बसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. इंदूरच्या पोरांना एकदम घड्याळाचं काय सुचलं कोण जाणे, कॉलेजातल्या असाइनमेंटा असतील. तर यावेळी घड्याळच, राउटर आणि बॅटरीवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, भंवरकुआँला रूम करून राहतो. सॉर्टिंगला किती वेळ लागतो ते मोजायची असाइनमेंट आहे. माझ्याकडे जुना कोअर टू ड्युओवाला पीसी आहे, त्यावर लिनक्स टाकलंय. सरांनी सांगितलं की आधी क्लॉक गेटरेस हे फंक्शन बोलावून घड्याळाचं रिझोल्यूशन, म्हणजे ते किती बारीक मोजतं ते, बघा. बघितलं, १ नॅनोसेकंद आलं, खूश झालो. मग क्लॉक गेटटाइमने लागोपाठ दोनदा वेळ घेऊन नुसती वजाबाकी केली तर ८३८, १११७, १११८, परत ८३८, असंच येत राहतं. ९०० नाही, १००० नाही, मधलं काहीच येत नाही. रूममेटच्या नव्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम २०-३० दाखवतो आणि रिझोल्यूशन तिथेही १च. माझा पीसी खोटं बोलतोय का? रिपोर्टात काय लिहू?

उत्तर : अरे, तू आकडे नीट लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं 'टाइम चुकीचा येतो' लिहून मोकळे होतात. तुझ्या आकड्यांतच उत्तर आहे. ८३८ला तीनने भाग आणि १११७ला चारने, दोन्हीकडे २७९ आणि वर थोडं येतं. म्हणजे तुझं घड्याळ २७९.३६५ नॅनोसेकंदांच्या उड्या मारत चाललंय आणि तुझ्या एका वाचनात कधी तीन उड्या होतात कधी चार. चार उड्यांचे होतात १११७.४६, त्यातला अपूर्णांक इकडेतिकडे झाला की कधी १११७ दिसतं कधी १११८, आणि नीट शोधलंस तर एखादा ८३९ पण सापडेल.

आता २७९.३६५ हा आकडा कुठला, तर सेकंदाला ३५,७९,५४५ टिका मारणाऱ्या घड्याळाचा, आणि पीसीमध्ये तसं घड्याळ एकच, मदरबोर्डवरचा एसीपीआय पीएम टायमर. खात्री करायची तर सिस फोल्डरमध्ये डिव्हायसेस, त्यात सिस्टम, त्यात क्लॉकसोर्स, त्यात क्लॉकसोर्स० असं जात जा, तिथे करंट क्लॉकसोर्स नावाची फाइल आहे, ती उघडून बघ, एसीपीआय पीएमच लिहिलेलं असणार. शेजारच्या फाइलमध्ये आणखी कुठली घड्याळं उपलब्ध आहेत ते पण दिसेल. रूममेटच्या लॅपटॉपवर टीएससी असेल, ते प्रोसेसरच्या आतलंच काउंटर, त्याची उडी एका नॅनोसेकंदापेक्षाही लहान. त्याला जे २०-३० दिसतात ती घड्याळाची उडी नव्हे, तो फंक्शन बोलावण्याचा खर्च आहे.

तुझ्या पीसीत पण टीएससी आहेच, पण त्या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरांत कोअर गाढ झोपला की टीएससीही थांबायचं. थांबणारं घड्याळ कोण वापरेल, म्हणून लिनक्स त्याला अनस्टेबल ठरवून बाजूला करतं, डीमेसेज कमांडच्या नोंदींत तशी ओळ सापडेल. कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, घड्याळांना मार्क देऊन ठेवलेत, टीएससीला ३००, एचपीईटी नावाच्या प्रोसेसरबाहेरच्या घड्याळाला २५०, पीएम टायमरला २००, आणि चालू शकणाऱ्यांपैकी जास्त मार्कवालं घेतलं जातं. टीएससी बाद झालं की एचपीईटी यायला हवं होतं, ते नाही आलं म्हणजे बायोसमध्ये ते बंद असणार. चालू केलंस तर उडी साधारण ७० नॅनोसेकंदांवर येईल. पण वाचनाचा वेळ फार कमी होईल अशी आशा नको ठेवू, ही दोन्ही घड्याळं प्रोसेसरच्या बाहेर बसलेली, तिथपर्यंत जाऊन यायलाच वेळ लागतो.

इथे थोडं विषयांतर करतो, मला राहवत नाही. १९८१चा आयबीएम पीसी बनवला तेव्हा त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टाकला, कारण अमेरिकेतल्या कलर टीव्हीच्या सिग्नलला त्याच्या बरोब्बर चौथा हिस्सा लागायचा. तो चौथा हिस्सा म्हणजेच तुझे ३५,७९,५४५. तिसरा हिस्सा घेतला की त्या पीसीच्या प्रोसेसरचे ४.७७ मेगाहर्ट्झ, बारावा घेतला की जुन्या पीआयटी टायमरचे ११,९३,१८२, ज्याची एक टिक होते ८३८ नॅनोसेकंदांची, तुझ्या लिस्टीत हा आकडा दिसला म्हणून मी आधी पीआयटीवर संशय घेणार होतो पण १११७ त्याच्या पाढ्यात बसत नाही. आपल्या दूरदर्शनने तर पाल पद्धत घेतली, तिचा आकडाच वेगळा, तरी भंवरकुआँच्या खोलीत बसून तू अमेरिकन टीव्हीचं भूत मोजतोयस.

आता मुख्य भानगड. घड्याळ २७९ची उडी मारतंय तर क्लॉक गेटरेस १ का सांगतं? कारण ते या घड्याळाकडे बघतच नाही. पोझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक मानकाच्या, नियमात रिझोल्यूशन येतं ते मुख्यतः अलार्मच्या आणि घड्याळ लावण्याच्या संदर्भात: अलार्म लावलास तर तुझी वेळ त्या पटीत वर ढकलायची, घड्याळ सेट केलंस तर खाली कापायची. लिनक्समध्ये पूर्वी अलार्म टिकच्या, म्हणजे कर्नेलला ठराविक वेळाने बसणाऱ्या ठोक्याच्या, हिशोबात चालायचे, मग हाय रिझोल्यूशन टायमर आले, त्यांचा पाया २.६.१६मध्ये २००६ साली आणि पीसीवर खरी बारीक वेळ २.६.२१मध्ये २००७ साली. तेव्हापासून ते टायमर चालू असले की कर्नेल आतला हिशोब नॅनोसेकंदांत ठेवतं आणि गेटरेस १ म्हणून मोकळं होतं, खाली टीएससी असो नाहीतर पीएम टायमर. सराफ्यात एखादा काटा असा असतो की डिस्प्लेवर तीन दशांश दिसतात पण शेवटचा आकडा नेहमी शून्य नाहीतर पाचच येतो, तसला प्रकार आहे हा, डिस्प्लेची घरं मोजून काट्याची पारख होत नाही.

खोटं म्हणायचं का? मी म्हणेन, हे उत्तर बिनकामाचं आहे. जे उत्तर तुझ्या जुन्या डब्यावर आणि रूममेटच्या नव्या लॅपटॉपवर सारखंच येतं त्यातून कळणार काय? माहिती कर्नेलकडे आहे, क्लॉकसोर्सची फ्रिक्वेन्सी त्याला पाठ असते, पण ती विचारायला साधं फंक्शन दिलेलं नाही.

रिपोर्टात तीन गोष्टी लिही, क्लॉकसोर्सचं नाव, तू मोजलेली उडी, आणि एका वाचनाचा खर्च. सॉर्ट एकदा चालवून मोजू नकोस, हजार वेळा चालवून एकूण वेळेला हजारने भाग, मग २७९ची उडी त्यात विरघळून जाते. फक्त प्रत्येक वेळी अ‍ॅरे नव्याने भरायला विसरू नकोस, नाहीतर नऊशे नव्व्याण्णव वेळा तू आधीच लागलेली लिस्ट लावत बसशील. आणि सरांना हा अंक दाखवायला हरकत नाही, पण जरा बेताने.

प्रश्न : नमस्कार दादा, मी सुपर कॉरिडॉरला एका कंपनीत एम्बेडेडचं काम करते. आमच्याकडे ६४ बिट आर्मचा बोर्ड आहे, त्यावर ४.९च्या घरातलं जुनं कर्नेल. क्लॉक मोनोटॉनिकचं गेटरेस नेहमीसारखं लायब्ररीतून बोलावलं तर १ येतं, आणि तेच सरळ सिस्कॉल फंक्शनने, म्हणजे थेट कर्नेलला, नंबर देऊन बोलावलं तर ४०,००,०००. एकच बोर्ड, एकच प्रोग्राम, एकाखाली एक दोन ओळी. कर्नेलला जाणारे कॉल दाखवणारं एसट्रेस लावलं तर पहिला कॉल दिसतच नाही, फक्त दुसरा दिसतो. टीममधले म्हणतात कंपायलरचा घोळ आहे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : ताई, कंपायलरला उगाच बोल लावू नका. एसट्रेसमध्ये पहिला कॉल दिसला नाही हे तुम्ही लिहिलंत तिथेच मला कळलं. तो कॉल कर्नेलमध्ये गेलाच नाही, व्हीडीएसओमध्येच संपला. कर्नेल प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत थोडासा कोड आणि थोडा डेटा लावून ठेवतं, म्हणजे वेळ विचारण्यासारख्या रोजच्या कामाला आत जाऊन यायचा खर्च नको, त्यालाच व्हीडीएसओ म्हणतात, आणि एसट्रेस फक्त आत जाणारे कॉल बघतं. तुमच्या बोर्डावर लायब्ररी गेटरेसपण तिथूनच घेते.

आणि नेमका तिथेच बरीच वर्षं घोळ होता. व्हीडीएसओमधलं गेटरेसचं उत्तर कर्नेल कंपाइल होतानाच ठरलेलं असायचं, कॉन्फिगमध्ये हाय रिझोल्यूशन टायमर घेतले असतील तर १, नसतील तर एक टिक. खरा सिस्कॉल मात्र एचआरटायमर रिझोल्यूशन नावाचा व्हेरिएबल बघतो, तो बूट झाल्यावर ते टायमर खरंच चालू झाले का त्यावर ठरतो. बहुतेक मशिनींवर दोन्ही १च यायचं म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. तुमच्याकडे ४०,००,००० येतंय म्हणजे सेकंदाला २५० टिकांचं कर्नेल आहे आणि हाय रिझोल्यूशन टायमर कॉन्फिगमध्ये आहेत पण चालू झालेले नाहीत. बूट करतानाची कमांड लाइन बघा, बहुतेक त्यात हायरेस इक्वल टू ऑफ असं कुणीतरी कधीतरी घालून ठेवलेलं सापडेल, बोर्ड पहिल्यांदा उठवताना लोक असल्या गोष्टी टाकतात आणि प्रॉडक्ट बाहेर पडेपर्यंत काढायला विसरतात. ते नसेल तर बोर्डाच्या टायमरचा ड्रायव्हर एकदा-वाजून-थांबणारा अलार्म देत नसेल, तसं असलं तरी हेच होतं. रूटने प्रॉक फोल्डरमधली टायमर लिस्ट ही फाइल वाचा, प्रत्येक कोअरसमोर एचरेस अ‍ॅक्टिव्ह असं लिहिलेलं असतं, तिथे ० दिसेल.

दुरुस्ती २०१९ साली झाली. आर्म कंपनीतल्या विन्चेन्झो फ्रास्किनो यांनी ६४ बिट आर्म, पॉवरपीसी आणि एस३९० अशा ठिकाणी व्हीडीएसओला तो व्हेरिएबल डेटामधून वाचायला लावलं, त्याच सुमारास सगळ्या आर्किटेक्चरांचा व्हीडीएसओ कोड एकत्र आणण्याचं कामही त्यांनीच केलं, ते ५.३मध्ये आलं. कर्नेलच्या सेल्फटेस्टमध्ये आता एक टेस्ट आहे, ती दोन्ही वाटांनी गेटरेस विचारते आणि उत्तरं जुळली नाहीत तर नापास करते. अशी टेस्ट पहिल्यापासून असायला हवी होती, दोन वाटांनी एकच प्रश्न विचारता येतो म्हटल्यावर कुणीतरी कधीतरी दोन्हीकडून विचारणारच ना.

पण ताई, आता खरी गोम. दोन्ही उत्तरांपैकी बरोबर कोणतं असं विचाराल तर सिस्कॉलचं, ४०,००,०००. पण ते बरोबर आहे ते अलार्मसाठी. तुम्ही एक मिलीसेकंद झोपायला सांगितलंत तर प्रोग्राम पुढच्या टिकलाच उठेल, मग ती चार मिलीसेकंद लांब का असेना. वेळ वाचायची म्हटली तर घड्याळ आत्ताही बारीकच चालतंय, आर्मचं जनरिक टायमर म्हणजे रास्पबेरी पाय ४वर ५४ मेगाहर्ट्झचं असतं, उडी साधारण साडेअठरा नॅनोसेकंद. तुमच्या बोर्डाची फ्रिक्वेन्सी बूटच्या लॉगमध्ये छापलेली असेल. वरच्या भंवरकुआँवाल्याच्या अगदी उलटी केस झाली बघा, त्याला १ सांगतात आणि मिळतात २७९, तुम्हाला चाळीस लाख सांगतात आणि मिळतात फार तर काही दहा.

एकच ठिकाण असं आहे जिथे ४०,००,००० हे वाचनासाठीही खरं असतं, ते म्हणजे नावात कोअर्स असलेली घड्याळं, ही २.६.३२पासून आहेत. ती मुद्दामच टिकला एकदा बदलतात, वाचायला स्वस्त पडतात, आणि त्यांचं गेटरेस एक टिक सांगतं ते अगदी प्रामाणिकपणे. तुमच्या कोडमध्ये कुठल्या लायब्ररीने ते वापरलंय का तेवढं बघून घ्या. बाकी हायरेस ऑफ काढा, पण ते कुणी आणि का टाकलं ते टीममधल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय काढू नका, कधीकधी त्यामागे खरंच एखादं दुखणं असतं.

प्रश्न : मी रामबागेत राहतो, निवृत्त आहे, हौसेने सी शिकतो आहे. कर्नेलच्या कॉन्फिग फाइलमध्ये एचझेड (सेकंदाला किती टिका) २५० दिसते, पण सिसकॉन्फ या फंक्शनला क्लॉक टिक विचारले तर १०० येतात. टाइम्स हे फंक्शनही दहा दहा मिलीसेकंदांनीच पुढे जाते. यातले खरे कोणते?

उत्तर : काका, दोन्ही खरे, फक्त १०० हा आकडा बाहेरच्यांना दाखवायचा आहे. लिनक्स २.४पर्यंत पीसीवर टिका सेकंदाला १००च होत्या, आणि लोकांनी प्रोग्रामांत तो आकडा सरळ लिहून टाकला होता. डिसेंबर २००३मध्ये २.६ आलं त्यात टिका १००० केल्या, तेव्हा जुने प्रोग्राम दहापट चुकायला नकोत म्हणून बाहेर देताना हिशोब १००चाच ठेवला. ऑगस्ट २००५मध्ये २.६.१३पासून टिका किती ते निवडता यायला लागलं आणि न निवडल्यास २५०, बाहेरचा आकडा तरी आहे तोच. तुम्हाला प्रोग्रामने प्रोसेसर किती वापरला ते बारीक हवं असेल तर टाइम्स सोडा आणि क्लॉक गेटटाइमला प्रोसेस सीपीयूटाइमवालं घड्याळ द्या, शेड्युलर तो हिशोब नॅनोसेकंदांत ठेवतो. शिकायला उशीर वगैरे काही नसतो, प्रश्न चांगलाच काढलात.

प्रश्न : पलसीकर कॉलनीत मी शाळेतल्या मुलांना पायथॉन शिकवते, सगळ्यांकडे विंडोज आहे. टाइम डॉट टाइम दोनदा घेतलं की फरक बऱ्याचदा सरळ शून्य येतो, आणि आला तर १५ मिलीसेकंद. एका मुलाकडे मात्र १ मिलीसेकंद येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेही १५. मुलं मलाच विचारतात मॅडम असं कसं.

उत्तर : मॅडम, विंडोजवर हा किस्सा जुना आहे. तिथला वेळेचा आकडा लिहिला जातो १०० नॅनोसेकंदांच्या एककात, पण बदलतो तो टायमर वाजला की, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा, १५.६२५ मिलीसेकंदांनी एकदा. दोन वाचनं एकाच टप्प्यात पडली की फरक शून्य. आणि कुठलाही प्रोग्राम, गाण्याचा नाहीतर व्हिडिओचा, टायमर जलद करा म्हणून विंडोजला सांगू शकतो, मे २०२०च्या २००४ नावाच्या विंडोज १० आवृत्तीआधी अशी एकाची मागणी सगळ्या मशीनला लागू व्हायची. त्या मुलाकडे त्या दिवशी असंच काहीतरी मागे चालू असणार, आणि विंडोजही बहुधा जुनं असेल.

उपाय सोपा, मुलांना परफ काउंटर वापरायला शिकवा, विंडोज १०वर ते साधारण १०० नॅनोसेकंदांनी पुढे सरकतं. नाहीतर पायथॉन ३.१३ टाका, ऑक्टोबर २०२४पासून त्यात टाइम आणि मोनोटॉनिक दोन्ही विंडोजच्या बारीक घड्याळावर नेलेत. मुलांना एक करून दाखवण्यासारखं आहे, गेट क्लॉक इन्फोला टाइम असं नाव देऊन विचारा, जुना पायथॉन विंडोजवर ०.०१५६२५ असं सरळ कबूल करतो. लिनक्सवर हाच प्रश्न विचारला की आपला तो १ नॅनोसेकंदच येणार, कारण पायथॉन तिथे गेटरेसलाच विचारतो. या बाबतीत मला विंडोजवालं उत्तर जास्त आवडतं, हे आमच्या लिनक्स मंडळींना आवडणार नाही पण आहे ते आहे.

प्रश्न : लोकमान्य नगरहून विचारतोय. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर फाइलच्या वेळेत सेकंदानंतर नऊ आकडे दिसतात, पण स्क्रिप्टने एकामागोमाग बनवलेल्या पुष्कळ फाइलींचे नऊच्या नऊ आकडे सारखे. हे पण गेटरेसच का?

उत्तर : गेटरेस नाही, पण कुटुंब तेच. डिस्कवर जागा नॅनोसेकंदांची आहे, भरताना मात्र कर्नेल वर सांगितलेलं कोअर्स घड्याळ वापरत आलंय, म्हणजे २५० टिकांच्या कर्नेलवर चार मिलीसेकंदांत बनलेल्या सगळ्या फाइलींना एकच शिक्का. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ६.१३मध्ये यावर चांगली युक्ती केली, फाइलची वेळ मधे कुणी विचारून गेलं असेल तरच पुढच्या बदलाला बारीक वेळ द्यायची, नाहीतर जाड्या वेळेवर भागवायचं. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि टेम्पएफएस यांना हे मिळालं. तुमची स्क्रिप्ट नुसती फाइली बनवत जात असेल आणि मधे कुणी बघत नसेल तर नव्या कर्नेलवरही शिक्के सारखेच दिसू शकतात, त्यात बिघडलं काही नाही, फक्त कुठली फाइल आधी झाली ते वेळेवरून ठरवू नका, नावात नंबर घाला. आणि तीच स्क्रिप्ट फॅटवाल्या पेनड्राइव्हवर चालवत असाल तर तिथे बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच लिहिली जाते, नऊ आकड्यांचा विषयच नाही.